मिटवलं होतं, तरी दोन कोर्टांची बोलावणी का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: चार महिन्यांपूर्वी अमळनेर–पारोळा रस्त्यावर तुमच्या गाडीची एका मोटरसायकलला मागून धडक बसली आणि चालवणाऱ्याचा पाय मोडला. गावातल्या जाणत्या माणसांनी बसवून ६० हजारांत मिटवलं, पाचशेच्या स्टॅम्पवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या. आता एकाच आठवड्यात दोन कागद आलेत, एक फौजदारी कोर्टाचं समन्स आणि दुसरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. तुम्ही विचारलंय की मिटलेल्या गोष्टीची दोनदा शिक्षा कशी. ब्रेकच लागले नाहीत तर माझा दोष काय. आणि फौजदारीतून सुटलो तर क्लेम, म्हणजे भरपाईचा दावा, आपोआप उडेल ना. शेवटी सहज एक ओळ लिहिली आहे: आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, अजून चोपड्याच्या आधीच्या मालकाच्या नावावर आहे, पण दोन वर्षांपासून ‘भुरी’, म्हणजे ही गाडी, आमच्याच दारात असते, सगळ्या गावाला माहीत आहे.

मला विचाराल तर गुंता त्या शेवटच्या ओळीत आणि ब्रेकच्या वाक्यात आहे. दोन केसेस कशा, याचं उत्तर सोपं आहे आणि ते मी देतोच. पण तुमचं पुढचं सगळं अवलंबून आहे ते अपघाताच्या आधीच्या दोन वर्षांत भुरीची आणि तिच्या कागदांची काळजी कशी घेतली गेली यावर.

मी २६ वर्षं अमळनेर आणि जळगावच्या कोर्टांत वकिली करतोय. निम्म्याहून अधिक कामं रस्त्यावरच्या अपघातांची, कधी जखमीच्या बाजूने, कधी मालकाच्या. गाडीबद्दल मला जे कळतं ते मिस्तरींच्या साक्षी घेताना आणि आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकांचे अहवाल वाचताना कळलंय. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून काही गोष्टी ‘असं असेल तर’ म्हणूनच सांगाव्या लागतील. अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का, तुमचं लायसन्स वैध होतं का, निरीक्षकाने ब्रेकबद्दल काय लिहिलंय आणि स्टॅम्पवर नेमके शब्द कोणते आहेत, या चार गोष्टी आधी पाहाव्या लागतील. त्या न पाहता ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका आणि ‘जमीन जाईल’ म्हणून घाबरवणाऱ्यावरही नको.

आता दोन कागदांचं. आपल्याकडे सगळ्यालाच ‘केस’ म्हणतात. बांधाची केस, चेकची केस, मारामारीची केस. जुने शब्द जास्त नेमके होते: दावा आणि खटला. दावा माणूस माणसावर लावतो, खटला सरकार चालवतं. दिवाणी हा शब्द दिवाणावरून आला आणि फौजदारी फौजदारावरून. पोलीस उपनिरीक्षकाला गावात अजून फौजदारच म्हणतात. समन्सवर वरती नाव बघा, ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आणि पुढे तुमचं नाव असेल. ज्यांचा पाय मोडला ते तिथे पक्षकार नाहीत, साक्षीदार आहेत. तिथे एकच गोष्ट ठरवायची असते, की तुम्ही गाडी इतक्या बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवली का की त्यासाठी शिक्षा व्हावी. क्लेमच्या नोटिशीवर पहिलं नाव त्यांचं आहे, अर्जदार म्हणून. खाली जाबदेणार म्हणून तुम्ही, चोपड्याचे आधीचे मालक आणि विमा कंपनी असे तिघं असाल. तिथे तुरुंगाचा विषय नाही. त्यांचं जे नुकसान झालं ते कोणी आणि किती भरून द्यायचं एवढंच तिथे ठरतं. संविधानाच्या अनुच्छेद २०(२) ने मनाई केली आहे ती एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवून पुन्हा शिक्षा देण्याला. नुकसानभरपाई ही शिक्षा नव्हे, म्हणून दोन्ही कामं शेजारी शेजारी चालू शकतात, अनेकदा एकाच इमारतीत.

खटल्याचं आधी सांगतो, कारण त्याचीच भीती जास्त वाटते आणि खरं तर ते काम त्यातल्या त्यात हलकं आहे. अपघात १ जुलै २०२४ नंतरचा असल्यामुळे भारतीय न्याय संहिता लागेल. लोकांच्या तोंडी अजून २७९ आणि ३३८ हे जुने आकडे आहेत. त्यांच्या जागी आता २८१ आणि १२५ आले. बेदरकार वाहन चालवण्याच्या २८१ ला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत झाली तर १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडलं की कायद्याच्या व्याख्येत दुखापत ‘गंभीर’ ठरते, मग प्लास्टर तीन आठवड्यांत निघो की तीन महिन्यांत. दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत. तारखेला वकिलासह हजर राहिलात तर अडचण येत नाही. समन्स घेऊन घरी बसलात तर मात्र वॉरंट निघतं, आणि पहाटे दाराशी पोलीस आलेले पाहून घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काय अवस्था होते ते मी पाहिलंय.

इथे तडजोडीला वाव आहे, पण ती स्टॅम्पवर होत नाही. १२५ मधला दुखापतीचा भाग जखमी व्यक्ती कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवू शकते. त्यासाठी त्यांनी स्वतः कोर्टापुढे येऊन तसं सांगावं लागतं. २८१ मात्र मिटवता येत नाही, कारण तो सार्वजनिक रस्त्याविषयीचा गुन्हा आहे, एका माणसापुरता नाही. दोन्ही एकदम संपवायचं असेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे खटला रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात. प्रत्येक प्रकरणात एवढा खर्च करावा असं मी म्हणत नाही.

आणि एक गोष्ट घाईत करू नका. बऱ्याच जणांना सांगितलं जातं की ‘गुन्हा कबूल करा, हजार-दोन हजार दंड भरा, मोकळे व्हा’. तारखा वाचतात हे खरं. पण ती कबुली न्यायाधिकरणात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल होते. माझ्याकडे आलेल्या एका पक्षकाराने असं करून टाकलं होतं. क्लेममध्ये त्यांचं म्हणणं होतं की समोरचा उलट्या बाजूने आला. ते खरंही असावं. पण उलटतपासात कबुलीची नक्कल पुढे ठेवली गेली आणि त्यांना पुढे बोलताच आलं नाही. तुमची चूक होती असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर कबुलीत लाज नाही. फक्त त्याचा दुसऱ्या कामावर काय परिणाम होईल ते वकिलाकडून समजून घेऊन मग करा.

आता ‘फौजदारीतून सुटलो तर क्लेम उडेल ना’ या प्रश्नाकडे येतो. नाही, उडत नाही. का, ते यावल तालुक्यातल्या एका जुन्या कामातून सांगतो. मी त्यात मयताच्या पत्नीकडून उभा होतो. संध्याकाळची वेळ, केळीच्या बागेतून घरी निघालेला एक मजूर सायकलवर. मागून आलेल्या वाहनाने उडवलं आणि वाहन थांबलं नाही. दूरच्या एका माणसाने पाहिलं, पण नंबर दिसला नाही. त्याने जबाबात सांगितलं, ‘छोटा हत्ती होता, मागे आईचा आशीर्वाद लिहिलेलं होतं.’ पोलिसांनी त्यावरून एक वाहन शोधलं. खटल्यात आरोपीच्या वकिलांनी साक्षीदाराला विचारलं, तालुक्यात छोटे हत्ती किती, आणि त्यातल्या किती जणांच्या मागे आईचा आशीर्वाद लिहिलेलं असतं. साक्षीदार प्रामाणिक होता, म्हणाला, निम्म्यांच्या. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला, आणि माझ्या मते त्या पुराव्यावर तो निकाल बरोबर होता. एखाद्याला तुरुंगात पाठवायचं तर वाजवी संशयाला जागा उरता कामा नये.

पण न्यायाधिकरणात मोजमाप वेगळं असतं. तिथे एवढंच बघतात की दोनपैकी कोणती गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त आहे. आम्ही गावातल्या मिस्तरीला साक्षीला बोलावलं. त्याने सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वाहन डाव्या बाजूचा दिवा आणि बंपर बदलायला आलं होतं. घटनास्थळ पंचनाम्यात दिव्याच्या काचा नोंदलेल्या होत्या. चालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आलाच नाही, आणि स्वतःला माहीत असलेली गोष्ट सांगायला माणूस पुढे येत नाही तेव्हा कोर्ट त्यातून त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. त्या बाईंना भरपाई मिळाली. एकच अपघात, एकच वाहन, एका कोर्टात ‘सिद्ध नाही’ आणि दुसऱ्यात ‘सिद्ध’, आणि दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्य. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली विजेच्या तारेला लागलेल्या एका बसच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं होतं: चालक फौजदारीतून सुटला म्हणून भरपाईचा मार्ग बंद होत नाही.

टोपणनावांचा विषय निघालाच आहे तर ते इथेच सांगून टाकतो, कारण तुम्ही भुरी म्हणून जे लिहिलंय त्यात तुमची गाडीवरची माया दिसते आणि आपल्याकडे ती सगळ्यांनाच असते. छोटा हत्ती, काळी-पिवळी, डुक्कर, लालपरी ही नावं तर कंपनीच्या नावापेक्षा जास्त चालतात. पण जबाबात ती उतरली की त्यांना वजन येतं. खाजगी जीपला साक्षीदार ‘काळी-पिवळी’ म्हणाला की विमा कंपनीचे वकील लगेच सावध होतात. खाजगी पॉलिसीवर भाड्याचे प्रवासी नेत होता का, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो. तुमच्या बाबतीत साक्षीदार अहिराणीत सांगेल, ‘आप्पानी भुरी उनी नि धडक दिनी,’ म्हणजे आप्पांची भुरी आली आणि धडक दिली, आणि कोर्टात ते प्रमाण मराठीत लिहिलं जाईल. भुरी म्हणजे कोणत्या नंबरची गाडी हे पंचनाम्यातून आणि आरसीवरून जोडलं जाईल. तेव्हा ‘ती भुरी आमची नव्हेच’ असा बचाव कुणी सुचवला तर घेऊ नका. तो खोटा आहे, आणि सगळ्या गावाला ती गाडी माहीत आहे हे तुम्हीच लिहिलंय.

ब्रेकबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण ‘ब्रेक लागले नाहीत’ हे वाक्य तुम्हाला ढाल वाटतंय आणि ते दोन्ही बाजूंनी कापणारं पातं आहे. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतात. त्यांनी ‘ब्रेक कार्यक्षम, यांत्रिक दोष आढळला नाही’ असं लिहिलं असेल तर तुमचं म्हणणं तिथेच ढासळतं. ब्रेक निकामी होते असं लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न येतो की का निकामी होते आणि तुम्ही काय काळजी घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणात १९७७ साली सांगितलं आहे की यांत्रिक दोषामुळे अपघात झाला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. सगळी वाजवी काळजी घेऊनही दोष लपून राहिला होता, हे त्याने दाखवायला हवं. म्हणजे ब्रेक फेल झाले एवढं पुरत नाही. मी तपासत होतो, बदलत होतो, तरीही हे कळण्यासारखं नव्हतं, इथवर जावं लागतं. खटल्यातही तसंच आहे. ब्रेक नीट लागत नाहीत हे माहीत असून गाडी रस्त्यावर आणली असेल तर तोच निष्काळजीपणा ठरतो.

आता स्वतःला विचारा. पेडल आधीपासून खाली जात होतं का? दोनदा दाबल्यावर ब्रेक लागायचा का? लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत होता का? ब्रेक अचानक जातात असं लोक म्हणतात, पण मी ऐकलेल्या मिस्तरींच्या साक्षींतून दिसतं ते हे की बहुतेक वेळा ते आठवडेच्या आठवडे सांगत असतात. लायनर झिजलेले असतात, चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑईलचा ओघळ असतो, डबीतली पातळी खाली गेलेली असते. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. जुनं झालं की त्याचा उकळबिंदू उतरतो. घाटात ब्रेक सतत तापले की आत वाफ धरते आणि पेडल नुसतं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं, नुसतं वरून ओतायचं नाही. वरून ओतणं म्हणजे गळती झाकणं. कन्नडच्या घाटात किंवा शिरपूरच्या पुढे पळासनेरकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची सवय आपल्याकडे आहे. तसं करू नका. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन दाबांतच संपते.

टायरचं तेवढंच. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरवर तपासायची. तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर काढायचा. खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्याच्या खुणा असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की समजायचं. उन्हाने वायपरचं रबर कडक होतं, ते मृगाच्या आधी बदलावं. आपल्या रस्त्यांवर कापसाच्या बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना चालतात. तुमचा उजेड आणि तुमचा ब्रेक एवढाच त्यांना आधार असतो.

यातलं प्रत्येक काम केल्यावर पावती घ्या, मिस्तरी ओळखीचा असला तरी. छापील बिल नसेल तर वहीच्या पानावर तारीख, किलोमीटर, काय बदललं आणि त्याची सही. एका केळी वाहतूकदाराचं काम माझ्याकडे होतं. त्यांच्याकडे गाडीमागे एक वही होती, तीन वर्षांची. प्रत्येक ऑईल, प्रत्येक लायनर नोंदलेला. अपघाताच्या नऊ दिवस आधी ब्रेकचं काम झालेलं होतं आणि नवीन बसवलेला सुटा भागच तुटला होता. ती वही आणि मिस्तरीची साक्ष यांवर खटल्यात चालकाची सुटका झाली. जखमीला भरपाई विमा कंपनीने दिली, तीही योग्यच होती. तुमच्याकडे अशी नोंद असेल तर उद्याच वकिलाकडे द्या. नसेल तर एक विनंती आहे: मिस्तरीकडून मागच्या तारखेची बिलं करून आणू नका. असे कागद माझ्याकडे आले तर मी ते परत देतो. आज एक खटला आहे, खोट्या बिलाने दुसरा उभा राहतो, आणि त्यात तो बिचारा मिस्तरीही अडकतो.

आरसीचं आता. गावासाठी भुरी तुमची, कायद्यासाठी ज्याचं नाव नोंदणीत आहे त्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलंय की गाडी विकली, ताबा दिला, पण नोंदणीत नाव बदललं नाही, तर अपघाताच्या वेळी नोंदणीत असलेला माणूसच मालक धरला जातो. म्हणजे दोन वर्षांपूर्वी पैसे घेऊन मोकळे झालेल्या चोपड्याच्या त्या माणसाला आज नोटीस गेली असेल. त्यांचा काही दोष नसताना ते जबाबदार ठरू शकतात. चालक म्हणून तुम्ही जबाबदार आहातच. त्यांना आधी फोन करा, माफी मागा आणि त्यांच्या वकिलाला सगळे कागद द्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन ते कपाटात ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आता नाव बदललंत तरी त्या दिवशीची स्थिती बदलणार नाही, पण पुढच्यासाठी बदलून घ्या, कोर्टाच्या अटींना धरून.

विमा चालू असेल तर जीव शांत होईल असं सांगतो. गाडी विकली गेली तरी तिऱ्हाईताच्या बाबतीत पॉलिसी नव्या मालकाकडे गेली असं कायदा मानतो. त्यामुळे जुन्या नावाने भरलेला हप्ता असला तरी जखमीची भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. भुरीचं स्वतःचं नुकसान मागाल तर मात्र वाद होईल, ते वेगळं. तुमचं लायसन्स संपलेलं असेल तर कंपनी हात वर करू पाहील. अशा वेळी आधी कंपनीने जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं असे आदेश होतात. आणि विमाच नसेल तर निवाड्याची रक्कम तुमच्या दोघांच्या खिशातून. ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायला न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देऊ शकतं, म्हणजे विषय थेट सातबाऱ्यापर्यंत जातो. म्हणूनच मी सगळ्यात आधी पॉलिसीची तारीख विचारतो.

उरला तो स्टॅम्प. तुम्हाला वाटतंय की समोरच्यांनी शब्द मोडला. त्यांच्या बाजूने एकदा हिशेब करून बघा. समजा ते ३८ वर्षांचे आहेत, महिना १५ हजार कमावतात आणि पायामुळे त्यांची कमावण्याची क्षमता १० टक्के गेली असं डॉक्टरांच्या साक्षीवरून ठरलं. वर्षाचे एक लाख ८० हजार, त्या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १५, त्याचे १० टक्के, म्हणजे दोन लाख ७० हजार. दवाखाना, बुडालेली मजुरी आणि वेदना यांचं वेगळं. प्लास्टर निघाल्यावर पाय पूर्वीसारखा टेकत नाही हे कळलं तेव्हा ६० हजार त्यांना अपुरे वाटले असतील. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात क्लेमसाठी सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, तरी कोणताही वकील जखमीला मुदतीच्या आतच दाखल करायला सांगेल, मीही सांगितलं असतं. त्यात तुमच्याशी वैर नाही.

तो कागद न्यायाधिकरणाला आपोआप बांधत नाही. दिलेले ६० हजार वजा व्हावेत अशी मागणी तुम्ही कैफियतीत, म्हणजे तुमच्या लेखी उत्तरात, करा. पैसे बँकेतून गेले असतील तर सोपं, रोख असतील तर त्या बैठकीतल्या एखाद्या माणसाची साक्ष लागेल. मान्य होईल की नाही ते शब्दांवर आणि पुराव्यावर ठरेल. आणखी एक अडचण: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदाराने चूक मान्य करू नये, पैसे देऊ नयेत अशी अट मोटार पॉलिसीत असते. त्या अटीवरून कंपनी तुमच्याशी भांडेल, पण त्यामुळे जखमीचा हक्क जात नाही. बैठकीतल्या माणसांनी चांगल्या मनानेच मिटवलं असणार. तीच तडजोड लोकअदालतीत, कंपनीला समोर बसवून झाली असती तर तिला हुकूमनाम्याचं बळ आलं असतं आणि तिच्यावर अपीलही नाही. तो मार्ग तुम्हाला अजून मोकळा आहे. क्लेमची पहिली तारीख झाली की वकिलामार्फत प्रकरण लोकअदालतीत ठेवायची विनंती करा. जखमीच्या घरी स्वतः जाऊन केसबद्दल बोलू नका. तुम्ही आरोपी आहात, ते साक्षीदार आहेत, आणि चांगल्या हेतूने गेलात तरी दबाव आणल्याचा आरोप होऊ शकतो.

तर इथवरचं थोडक्यात: खटला सरकारचा आणि क्लेम त्यांचा, एकातली सुटका दुसऱ्याला लागू नाही. ब्रेकचं कारण नोंदी असतील तरच पुढे करा. या आठवड्यात पॉलिसीची प्रत, लायसन्स, आरसी, स्टॅम्प, पैसे दिल्याचा पुरावा आणि गाडीच्या कामाच्या ज्या असतील त्या पावत्या एका पिशवीत घाला. विमा कंपनीला अपघात लेखी कळवला नसेल तर आजच कळवा आणि दोन्ही नोटिशींच्या प्रती द्या. एकच वकील दोन्ही कामं पाहील असं बघा. क्लेममध्ये तारखेला कुणीच उभं राहिलं नाही तर काम एकतर्फी चालतं, आणि मग वजा करायचे ते ६० हजारही कुणी सांगत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो.

भुरी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, घरी आली असेल. त्या कागदावरच्या अटी वाचा. खटला संपेपर्यंत विकू नये, रूप बदलू नये असं त्यात बहुधा असतं. निरीक्षकांची तपासणी झालेली आहे याची खात्री करून, वकिलाला विचारून, सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि मग मिस्तरीकडे न्या. चारही चाकं खोलून लायनर, सिलिंडर, पाइप आणि ऑईल बघायला सांगा, बदललेले जुने भाग पिशवीत घालून जपून ठेवा आणि त्या दिवसाची नोंद वहीच्या पहिल्या पानावर करा. तोवर गाडी दारातच उभी राहू द्या.